घोळीशी मुलांची गट्टी कशी जमवायची

वळवाचे दोन-तीन पाऊस पडून गेले की कोल्हापुरात भाजीच्या मळ्यात, परसात, तुळशीच्या कुंडीत, अगदी अंगणातल्या फरशीच्या फटीतही घोळ डोकं वर काढते. घरोघरी ती तण म्हणून उपटून फेकली जाते आणि त्याच आठवड्यात कपिलतीर्थ मार्केटात खेड्यातून आलेल्या एखाद्या मावशीकडून तिचीच जुडी पैसे मोजून आणली जाते. मुलांना रानभाज्यांची ओळख करून द्यायची असेल तर सुरुवात घोळीपासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि सुरुवातीला ती एकटीच असावी. कुर्डू, टाकळा, पाथरी, केना, भारंगी, कर्टुली ही सगळी नावं एका फेरीत सांगितली की मूल माना डोलावतं आणि घरी येईपर्यंत सगळं विसरतं. त्यापेक्षा एकच भाजी, पण तिच्या बीपासून ताटापर्यंत. एक वनस्पती खात्रीनं ओळखता येणं आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसरीला खात्रीनं "ही नाही" म्हणता येणं, या दोन गोष्टी मुलाला जमल्या तर एका मोसमात खूप झालं.

कधी आणि कोणत्या वयात

मे महिन्याची सुट्टी आणि जूनचा पहिला पंधरवडा हा उत्तम काळ. पाऊस लागून राहिला की घोळीचे मांसल देठ कुजायला लागतात, म्हणून आपल्याकडच्या जुलैच्या झडीत ती शोधायला जाऊ नका. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ती पुन्हा जोर धरते आणि ओलिताच्या भाजीच्या वाफ्यात तर जवळजवळ वर्षभर असते. गगनबावड्याकडच्या मुसळधार पट्ट्यापेक्षा हातकणंगले, शिरोळकडच्या उघड्या उन्हाच्या शिवारात ती जास्त खुशीत वाढते. शिरोळच्या क्षारपड जमिनीतही ती तग धरते.

वय पाच-सहाच्या पुढचं असावं. दोन-तीन वर्षांचं मूल जे दिसेल ते तोंडात घालतं. त्याला "जमिनीवरचं काही खाता येतं" हे शिकवण्याची वेळ अजून आलेली नसते. त्याला भाजी ताटातच भेटू द्या.

"नाही" आधी, "हो" नंतर

घोळ दाखवण्याआधी दोन-तीन विषारी झाडं दाखवा. हे उलटं वाटेल, पण क्रम हाच ठेवा. कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर फुललेली असते, मोकळ्या प्लॉटवर पांढऱ्या भोंग्याच्या फुलांचा आणि काटेरी फळांचा धोत्रा असतो, ओढ्याकाठी एरंड असतो. देवळाबाहेर किंवा कुंपणावर लाल-काळी गुंज दिसली तर तीही दाखवा. ती इतकी देखणी असते की मुलं खिशात भरतात. कण्हेरीचा सगळा भाग विषारी असतो, धोत्र्याचंही तसंच. एरंड आणि गुंज यांच्या बियांत जहाल विष असतं. मुलाला घाबरवायचं नाही, पण आवाजात थट्टाही नको.

मग एकच नियम सांगायचा आणि तो रोज पाळायचा: घरातल्या मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय, त्यानं "हो" म्हटल्याशिवाय कोणतंही पान, फळ, बी तोंडात जाणार नाही. हा नियम मोठ्यांनीही पाळावा. बाबा चालता चालता झुडपाची पानं ओरबाडून चघळत असतील तर मूलही तेच करणार.

तरीही मुलानं भलतंच काही खाल्लंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याच्या नादी लागू नका. तोंडात उरलेलं बाहेर काढा, चूळ भरायला लावा, त्या झाडाची फांदी पिशवीत घ्या आणि 108 ला फोन करून थेट सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. ती फांदी डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

गुडघे टेकून बघायची भाजी

घोळ जमिनीसरशी वाढते, त्यामुळे ती उभ्यानं बघून कळत नाही. मुलाला जमिनीवर बसवा. जमल्यास एखादं साधं भिंग सोबत घ्या.

आधी बुंधा शोधायला सांगा. एकाच मुळातून चारी बाजूंना देठ फुटलेले आणि जमिनीवर पसरलेले दिसतील. देठ गोल, गुळगुळीत, रसाळ, केस अजिबात नाहीत. उन्हाकडची बाजू लालसर किंवा तांबूस-जांभळी, सावलीकडची हिरवी. मग पान. देठाकडे निमुळतं, टोकाला रुंद आणि गोल, जाडसर, दोन बोटांत दाबलं तर पाणी सुटेल असं. फांदीच्या शेंड्याला पानांचा झुबका असतो आणि त्याच झुबक्यात कळी लपलेली असते.

फुलासाठी सकाळी नऊ-दहानंतर, ऊन पडल्यावर जा. पिवळं, करंगळीच्या नखापेक्षा लहान, बहुधा पाच पाकळ्यांचं, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक खाच. काही तासांत ते मिटतं. ढगाळ दिवस असेल तर उघडतच नाही. बाल्कनीत "ऑफिस टाइम" लावलेलं असेल तर मुलांना ते लगेच ओळखीचं वाटतं, कारण ते घोळीच्याच कुळातलं. पण ते शोभेचं आहे, ते खायच्या खात्यात धरायचं नाही, हेही तिथंच सांगून टाका.

सगळ्यात मजा फळाची. फूल गेल्यावर हिरवट टोकदार बोंड तयार होतं. ते पिकलं की बरोबर मधोमध आडवं फाटतं आणि वरचा भाग डबीच्या झाकणासारखा अलगद निघतो. आत काळ्या चकचकीत बिया, एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. हे झाकण मुलाच्या हातानं उघडू द्या. तळहातावर पांढरा कागद ठेवून त्यावर बिया सांडल्या तर स्पष्ट दिसतात. मोठं झालेलं एक झाड लाखाच्या पुढं बिया टाकू शकतं. उपटून बांधावर टाकलेली घोळसुद्धा देठातल्या पाण्यावर बी पिकवते आणि तुटलेला तुकडा ओल्या मातीला टेकला की मूळ धरतो. भांगलायला येणाऱ्या बायका उपटलेली घोळ टोपलीत भरून शेताबाहेर का नेतात, हे मुलाला इथं आपोआप कळतं.

आता चुकण्याच्या जागा. त्या दोन आहेत आणि दोन्ही घोळीच्या शेजारीच उगवतात.

पहिली नायटी, म्हणजे दुधी नावाच्या तणाच्या (दुधी भोपळा नव्हे) जातीचं जमिनीलगत पसरणारं तण. लांबून तीही लालसर देठाची आणि बारीक पानांची दिसते. देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळीतून कधीही पांढरा चीक येत नाही, येतं ते स्वच्छ पाणी. म्हणून प्रत्येक वेळी, प्रत्येक झाडाचा देठ मोडून बघायचा. जुडीतल्या एका काडीची परीक्षा घेतली म्हणून बाकीच्या पास होत नाहीत, कारण दोन्ही वनस्पती एकमेकींत गुंतून वाढतात. हा चीक कातडीला आणि डोळ्यांना चुरचुरतो. मोडून झाल्यावर हात धुवायचे आणि तोवर डोळे चोळायचे नाहीत.

दुसरा विषखापरा. हा जास्त फसवा, कारण तोही मांसल असतो आणि त्यालाही चीक नसतो. इथं पानांच्या जोड्या बघायच्या. विषखापऱ्याच्या प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं येतात, त्यातलं एक मोठं आणि एक ठळकपणे लहान. फूल पांढरं किंवा गुलाबीसर, पानाच्या बगलेत दडलेलं, घोळीचं पिवळं. काही ठिकाणी त्याची कोवळी पानं खातात, पण जून पाल्यानं पोट बिघडतं, म्हणून मुलांच्या बाबतीत तो "नाही" मध्येच. फूल नसेल आणि जोड्यांबद्दल शंका असेल तर ते झाड सोडून द्यायचं. "नक्की नाही, म्हणून नको" हे वाक्य मुलाच्या तोंडून एकदा निघालं की ओळख पक्की होत चालली असं समजा.

घोळीची एक लहान बहीणही आहे, चिवळ. कुणी चिगळ म्हणतात. पानं तांदळाएवढी, पेरापाशी पांढरे बारीक केस, फुलाला चार पाकळ्या. तीही खातात. पण तिची ओळख पुढच्या मोसमावर ठेवा.

मार्केटातली शिकवणी

रानात दिसलं ते बाजारात पडताळून पाहा. कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीत सकाळी लवकर जा, कट्ट्यावरच्या मोठ्या गाळ्याकडे न जाता खाली पोतं अंथरून बसलेल्या मावश्यांकडे जा. मुलालाच विचारू द्या.

"मावशी, ही घोळ आहे का?"

"व्हय की बाळा, घोळच हाय. दाब बघू पान. पाणी सुटलं न्हवं? मग ती कवळी."

असं एक वाक्य मुलाच्या डोक्यात कायमचं बसतं. विकणाऱ्या बायकांना कोवळी-जून कशी ओळखायची, कुठल्या शिवारातली चव चांगली, कोणती भाजी कोणत्या पिठाशी जुळते हे सगळं ठाऊक असतं, आणि मुलानं विचारलं तर त्या हातचं काम सोडून सांगतात. गर्दीच्या वेळी मात्र त्यांचा खोळंबा करू नका, आणि माहिती घेतली तर जुडी विकत घ्या. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथंही एका जागी पुष्कळ भाज्या नावानिशी बघायला मिळतात.

घरात आज्जी असेल तर बाजारातून आणलेली जुडी आधी तिच्यासमोर ठेवा. मुलानं आज्जीला खुणा सांगायच्या आणि आज्जीनं चुका काढायच्या. या उलट परीक्षेत दोघंही रंगतात.

कुठून तोडायची नाही

या भागाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं आणि माझ्या मते झाड ओळखण्याइतकाच हा महत्त्वाचा आहे. घोळ बरोबर ओळखली आणि ती तणनाशक मारलेल्या सरीतली निघाली, तर ओळखीचा उपयोग काय?

कोल्हापूर जिल्हा उसाचा. उसात तणासाठी ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, 2,4-डी सर्रास मारतात. फवारल्यानंतर काही दिवस तण हिरवंगार दिसतं, मग पिवळं पडतं. त्या मधल्या दिवसांत ते बघून काहीच कळत नाही. म्हणून उसाच्या सरीतली आणि बांधावरची घोळ मुलांसाठी बंद. अपवाद एकच: शेत स्वतःचं किंवा अगदी ओळखीचं आणि काय फवारलं ते मालकाकडून नीट कळलेलं. फ्लॉवर-कोबीच्या वाफ्यालाही हेच लागू. तिथं कीटकनाशकाचा मारा असतो. शिवाय युरिया भरपूर पडलेल्या जमिनीत घोळ नायट्रेट साठवते. वर्षाच्या आतल्या बाळाला घोळ न देण्याचं हेही एक कारण.

पंचगंगेच्या पुराचं पाणी जिथं चढून गेलं तिथल्या गाळात ती पुढं छान वाढते. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर नदीकाठच्या मळ्यांत तण माजलं होतं ते आठवत असेल. पण पुराच्या पाण्यात गटारं, जयंती नाला, मेलेली जनावरं सगळंच मिसळलेलं असतं. तिथली नको. रंकाळ्याच्या काठावरची नको, रस्त्याकडेची नको, कुत्री फिरवतात त्या बागेतली नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपासची तर मुळीच नको, कारण घोळ मातीतले जड धातू शोषून घेते आणि ते धुऊन जात नाहीत.

मग उरलं काय? आपलं परस, ओळखीचा मळा, आणि सगळ्यात खात्रीची म्हणजे कुंडी.

मुलाच्या नावाची कुंडी

मार्केटातून आणलेल्या जुडीतल्या चार-पाच जाड काड्या बाजूला काढा. चार बोटं लांबीचा तुकडा, खालची पानं काढून टाकलेली. पसरट कुंडी किंवा जुनं घमेलं घ्या, तळाला भोकं हवीतच. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात देठ कुजतो, म्हणून तिच्यात जवळजवळ तितकीच वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. काडी दोन बोटं आत खोचा, उन्हात ठेवा, माती वरून सुकली की पाणी द्या. आठवड्याभरात काडी धरते, तीन-चार आठवड्यांत पहिली खुडणी मिळते. शेंडे खुडायचे, खालची दोन-तीन पेरं ठेवायची, पुन्हा फुटवा येतो. झडीच्या दिवसांत कुंडी वळचणीला सरकवा.

बिया मिळाल्या असतील तर त्या मातीवर नुसत्या भुरभुरा, पुरू नका. त्यांना उजेड लागतो.

कुंडीच्या कडेला नायटी आपोआप उगवेल. ती उपटू नका, थोडे दिवस राहू द्या. घोळ आणि नायटी शेजारीशेजारी बघायला याहून चांगली सोय नाही.

सकाळची आंबट, संध्याकाळची सौम्य

कुंडीतल्या घोळीचं पाणी चार-पाच दिवस तोडा, मरू मात्र देऊ नका. मग एके दिवशी उजाडताच एक पान खुडून, धुऊन मुलाला चावायला द्या. त्याच फांदीवरचं दुसरं पान संध्याकाळी ऊन उतरताना. सकाळचं पान ठसठशीत आंबट लागतं, संध्याकाळचं बरंच सौम्य.

कारण असं. पानांवर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून झाड हवा घेतं. दिवसा ती उघडली तर पाणी उडून जातं. पाण्याची ओढ असली की घोळ ती रात्री उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं मॅलिक आम्ल करून पानात साठवते आणि दिवसा छिद्रं मिटून ते आम्ल खर्च करते. हिरव्या सफरचंदाचा आंबटपणाही याच आम्लाचा. रात्रभर साठलेलं आम्ल सकाळी जिभेला लागतं. पुस्तकात वाचलेलं प्रकाशसंश्लेषण मूल विसरेल, हे विसरत नाही. मुलाला दोन्ही वेळची चव वहीत लिहायला सांगा, आणि भरपूर पाणी दिलेल्या दुसऱ्या कुंडीशी ताडून बघायला सांगा.

निवडणं, धुणं, शिजवणं

निवडताना पुन्हा एकदा काडी-काडी बघायची. हे काम मुलाला द्या: पेपर अंथरायचा, मुळं आणि जून देठ एकीकडे, कोवळे शेंडे एकीकडे, शंका असलेलं तिसरीकडे. तिसरा ढीग टाकायचा. मग भरपूर पाण्यात तीन वेळा धुवा. पानांच्या झुबक्यात माती बसते आणि भाजी कचकचली की मूल पुन्हा हात लावत नाही.

सुकी भाजी अशी. चिरलेली घोळ चार वाट्या, अर्धा तास भिजवलेली मूगडाळ पाव वाटी, एक कांदा, लसणाच्या सात-आठ पाकळ्या ठेचून. तेलात मोहरी-जिरं, लसूण लाल होऊ द्या, कांदा परता, डाळ घालून दोन मिनिटं, मग घोळ. पाणी अजिबात घालायचं नाही आणि झाकणही नको, घोळीचंच पाणी सुटतं. ते आटलं की मीठ आणि कांदा-लसूण चटणी. मुलांसाठी चटणी घालण्याआधी त्यांचा वाटा काढून त्यात चिमूटभर गूळ घाला. घोळ शिजल्यावर जरा बुळबुळीत होते. ज्या मुलाला ते आवडत नाही त्याच्यासाठी शेवटी दोन चमचे भाजलेलं बेसन पेरा, भाजी मोकळी होते. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ही कोल्हापुरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते.

दुसरी रीत ताकातली. हरभरा डाळ आणि शेंगदाणे आधी शिजवून घ्यायचे, त्यात चिरलेली घोळ, बेसन लावलेलं ताक, मंद आचेवर सतत ढवळत उकळी, वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. मुलांसाठी मी हीच आधी सुचवेन, आणि ते केवळ चवीसाठी नाही. घोळीत ऑक्सॅलेट बरंच असतं. ताकातलं कॅल्शियम त्याला पोटातच बांधून ठेवतं, त्यामुळे शरीरात कमी शोषलं जातं. पालकासारखीच ही सावधगिरी: रोज नको, आठवड्यातून एखाद-दोन वेळा पुरे. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ही आंबट भाजी करू नका.

पहिल्या दिवशी मुलाला दोन घास पुरेत. नवी भाजी कुणाच्याही पोटाला थोडीच द्यावी. दुसऱ्या दिवशी काही त्रास नसेल तर वाटीभर चालेल. आणि मुलानं तोंड वाकडं केलं तर आग्रह करू नका. पुढच्या वेळी थालीपिठात मूठभर चिरून घाला, किंवा स्वतः वाढवलेल्या कुंडीतली त्याच्याच हातानं खुडायला लावा. पोषणाचं सांगायचं तर हिरव्या पालेभाज्यांत घोळीचा मान मोठा आहे: 100 ग्रॅम ताज्या पानांत साधारण 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे जवसात असतं तेच ओमेगा-3. पण सहा वर्षांच्या मुलाला हे ऐकवून भाजी खपत नाही.

पुढची भाजी कोणती

घोळ एका मोसमात नीट झाली, म्हणजे मुलानं अनोळखी जागी तुमच्या मदतीशिवाय ती ओळखली, देठ मोडून दाखवला आणि निदान एकदा स्वतःहून एखादं झाड नाकारलं, की मगच दुसरी घ्या. मी चिवळ किंवा तीन पाळींच्या पानाची आंबुशी सुचवेन. दोन्ही पायाखालच्या आणि चवीनं लगेच कळणाऱ्या. त्यानंतर कुर्डू, कारण तिचा गुलाबी-पांढरा तुरा लांबून दिसतो. टाकळा कोवळा असतानाच घ्यायचा असतो आणि त्याच्यासारखी दिसणारी रोपं बरीच आहेत, म्हणून तो थोड्या मोठ्या मुलांसाठी. रानातलं अळू आणि अळंबी मात्र मुलांच्या यादीत घेऊच नका. अळूची खाज आणि अळंबीतलं विष यांची परीक्षा देठ मोडून होत नाही. त्या जाणत्या माणसानं तोडलेल्या आणि त्याच्याच घरी शिजलेल्या खाव्यात.